विंडोज आणि लिनक्स एकाच एसएसडीवर: पार्टिशनांची आखणी कशी करावी?

पाटीपेन्सिल

माझ्या लॅपटॉपमध्ये १ टीबी क्षमतेची एकच एनव्हीएमई एसएसडी आणि १६ जीबी रॅम आहे. त्यावर विंडोज ११ आधीपासून आहे; ते तसेच ठेवून शेजारी उबुंटू २४.०४ एलटीएस बसवायचे आहे. विंडोज मी हिशेबाच्या आणि छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरसाठी वापरते. लिनक्स प्रोग्रामिंगसाठी हवे असून त्यात डॉकरचे कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवण्याची सोय) बरेच असतील. दुसरी डिस्क बसवण्याची सोय या लॅपटॉपमध्ये नाही, त्यामुळे जे काही करायचे ते याच एका एसएसडीवर.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सध्या तीन पार्टिशने (डिस्कचे स्वतंत्र विभाग) दिसतात. सुरुवातीला १०० एमबीचे ईएफआय सिस्टिम पार्टिशन (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींचे), त्यानंतर सुमारे ९३० जीबीचा सी ड्राइव्ह (त्यातील १८० जीबी व्यापलेले आहेत) आणि अगदी शेवटी सुमारे ७०० एमबीचे रिकव्हरी पार्टिशन.

एका बऱ्याच जुन्या मार्गदर्शिकेच्या आधाराने मी पुढीलप्रमाणे आराखडा केला आहे: सी ड्राइव्ह ४०० जीबी, बूट १ जीबी, रूट (लिनक्स प्रणालीचा मुख्य भाग) ३० जीबी, व्हार (प्रणालीचा वाढता डेटा आणि लॉग) १० जीबी, टेम्प (तात्पुरत्या फाइली) ५ जीबी, स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) ३२ जीबी (रॅमच्या दुप्पट असावा असे त्यात लिहिले होते), होम (वापरकर्त्याच्या फाइली) १५० जीबी आणि उरलेले साधारण ३०० जीबी दोन्ही प्रणालींना वापरता येतील असे एक्सफॅट स्वरूपाचे (ही फाइली साठवण्याची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) सामायिक डेटा पार्टिशन.

माझ्या शंका अशा आहेत. इतकी पार्टिशने करायची तर त्यातील काही एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल म्हणून करावी लागतील का? १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन दोन प्रणालींना पुरेल का, की लिनक्ससाठी वेगळे करावे? होम वेगळे ठेवण्याचा सल्ला अजूनही लागू आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वर्षभराने एखाद्या बाजूची जागा कमी पडली तर हद्दी हलवता येतील अशा तऱ्हेने पार्टिशनांचा क्रम कसा लावावा? सगळे पुसून पुन्हा बसवण्याची वेळ येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

मध्यरेषा

आपल्या शेवटच्या शंकेतच आखणीचे मर्म आहे. बहुतेक जण कोणाला किती जीबी द्यायचे यावर डोके खपवतात आणि हद्द पुढे कोणत्या बाजूला सरकवावी लागेल याचा विचार करतच नाहीत. प्रत्यक्षात आकडे थोडे चुकले तरी निभावते. क्रम चुकला तर मात्र निस्तरणे अवघड जाते. त्यामुळे क्रमाबद्दल सविस्तर लिहितो, बाकीच्या शंका आधी थोडक्यात.

एक्स्टेंडेड आणि लॉजिकल हा प्रकार पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या एमबीआर या जुन्या पद्धतीतला आहे. तिच्या तक्त्यात चारच प्रायमरी पार्टिशनांची नोंद मावते आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरांवर सुमारे २ टीबीच्या पलीकडे तिला पाहता येत नाही, म्हणून ती पळवाट काढावी लागली होती. विंडोज ११ सह आलेल्या लॅपटॉपवर जीपीटी ही नवी पद्धत असते. तिच्या तक्त्यात नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील व्हॉल्यूम्स या पानावर पाहिल्यास ‘पार्टिशन स्टाइल’ समोर जीपीटी लिहिलेले दिसेल. ते तसे असल्यास हा प्रश्न संपतो. आपण सांगितलेल्या तीन पार्टिशनांखेरीज ईएफआय आणि सी यांच्या मध्ये मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड नावाचे १६ एमबीचे एक पार्टिशन बहुधा असेल. डिस्क मॅनेजमेंट ते दाखवत नाही, लिनक्सची साधने दाखवतात. ते पाहून दचकू नये आणि निरुपयोगी समजून काढूनही टाकू नये.

१०० एमबीचे ईएफआय पार्टिशन आपल्या बाबतीत पुरेल. उबुंटू आपला कर्नल (प्रणालीचा गाभा) रूटमधील बूट फोल्डरमध्ये ठेवते आणि ईएफआय पार्टिशनमध्ये केवळ शिम, ग्रब (प्रणाली सुरू करून देणारे बूटलोडर) आणि त्यांच्या बरोबरीच्या लहान फाइली टाकते. त्यांना काही एमबीच लागतात. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरणाऱ्या वितरणांचे (लिनक्सच्या इतर प्रकारांचे) गणित वेगळे आहे, कारण तेथे कर्नल आणि प्रारंभिक रॅमडिस्क ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवण्याची पद्धत आहे आणि मग १ जीबीसुद्धा जास्त वाटत नाही. पुढे तशा वितरणाकडे वळायचे असेल तर हे ध्यानात ठेवावे. आहे ते ईएफआय पार्टिशन मोठे करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याच्या लगेच उजवीकडे ते १६ एमबीचे पार्टिशन आणि नंतर सी आहे, म्हणजे थोड्याशा जागेसाठी संपूर्ण सी ड्राइव्ह उजवीकडे सरकवावा लागेल. त्याच डिस्कवर दुसरे ईएफआय पार्टिशन करणे नियमात बसते, पण सर्वच फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) आणि इंस्टॉलर ते समजुतीने घेतात असे नाही. इंस्टॉलरमध्ये आहे त्याच पार्टिशनचा ईएफआय म्हणून वापर करा आणि त्यासमोरील फॉरमॅटच्या चौकटीत खूण नाही याची दोनदा खात्री करा. ती खूण राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जाईल.

बूट, व्हार आणि टेम्प यांची वेगळी पार्टिशने काढून टाका. व्हार वेगळे ठेवण्याची रीत सर्व्हरवरची आहे: तेथे लॉग बेसुमार वाढले तरी रूट भरून यंत्र बंद पडू नये, हा हेतू असतो. आपल्या लॅपटॉपवर नेमका उलटा परिणाम होईल. डॉकरच्या इमेजेस आणि कंटेनर, स्नॅप पॅकेजेस, फ्लॅटपॅक वापरल्यास तेही, हे सगळे डीफॉल्ट मांडणीत व्हारच्या पोटातच साठते. १० जीबीचे व्हार डॉकरच्या मोजक्या इमेजेसमध्येच भरेल आणि त्याच वेळी होममध्ये शंभर जीबी रिकामे पडलेले असतील. घरात एकेका धान्याची वेगळी कोठी बांधून ठेवली आणि गव्हाची कोठी भरली म्हणून ज्वारीच्या रिकाम्या कोठीत गहू टाकता येत नाही, तशी ती अवस्था होते. ३० जीबीच्या रूटबद्दलही हेच म्हणेन. उबुंटूला २५ जीबी पुरतात हे खरे, पण तो किमान आकडा आहे.

स्वॅप रॅमच्या दुप्पट असावा हा नियम रॅम मोजक्या एमबींमध्ये असायची त्या काळातला. १६ जीबी रॅम असताना ४ ते ८ जीबीची स्वॅप फाइल पुरे होते, आणि फाइल असल्यामुळे तिचा आकार केव्हाही बदलता येतो. उबुंटू २०१७ पासून डीफॉल्टने फाइलच वापरते. लिनक्स हायबरनेट करायचे (रॅममधील सगळे डिस्कवर साठवून यंत्र बंद करायचे) असेल तरच रॅमएवढी जागा हवी. परंतु दोन प्रणाली असलेल्या यंत्रावर हायबरनेट करू नये, असे माझे ठाम मत आहे. लिनक्स गोठवलेल्या अवस्थेत असताना विंडोज सुरू करून सामायिक पार्टिशनवर काही लिहिले, तर परत जागे झालेल्या लिनक्सच्या स्मृतीत त्या पार्टिशनचे जुनेच चित्र असते. ते चित्र डिस्कवर उतरले की फाइल सिस्टिमची वाताहत होते.

आता क्रम. पार्टिशनचा शेवट पुढे-मागे करणे तुलनेने सोपे असते, त्याची सुरुवात सरकवणे कठीण. शेवट वाढवताना आतला डेटा जागच्या जागी राहतो. सुरुवात डावीकडे नेताना मात्र संपूर्ण डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो, त्याला पुष्कळ वेळ लागतो आणि मध्येच वीज गेली किंवा बॅटरी संपली तर काय उरेल हे सांगता येत नाही. विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट तर फक्त एवढेच जाणते: सी ड्राइव्हच्या लगत उजवीकडे मोकळी जागा असेल तर ती सीमध्ये घेता येते, अन्यथा नाही. याउलट लिनक्सला लवचीकपणा देता येतो. रूटसाठी बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम निवडल्यास डिस्कवरील दुसऱ्या कोणत्याही मोकळ्या तुकड्याचे पार्टिशन करून ते त्याच फाइल सिस्टिममध्ये चालू अवस्थेत जोडता येते, मग तो तुकडा रूटला लागून असो वा नसो. एलव्हीएम या पार्टिशने एकत्र जोडणाऱ्या सोयीनेही हे साधते, पण उबुंटूच्या इंस्टॉलरमधून दुसऱ्या प्रणालीच्या शेजारी ते बसवणे कटकटीचे आहे.

यावरून माझी शिफारस अशी: मोकळी राखीव जागा नेहमी त्या शेजाऱ्याला लागून सोडावी ज्याला ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने घेता येणार नाही, म्हणजे येथे सीच्या उजवीकडे. सुमारे ४५० जीबीचा सी, त्यानंतर १०० ते १५० जीबी पूर्णपणे अनअलोकेटेड (कोणत्याही पार्टिशनला न दिलेले), आणि लिनक्सचे पार्टिशन डिस्कच्या शेवटच्या बाजूला. विंडोजला जागा हवी झाली तर सी उजवीकडे वाढेल, लिनक्सला हवी झाली तर तोच तुकडा त्याला जोडता येईल. निर्णय आज घ्यायचाच नाही.

तिसरा मजला

मध्यरेषा यांच्या क्रमाच्या विवेचनाशी पूर्ण सहमत आहे. सामायिक पार्टिशनबद्दल त्यांनी लिहिलेले नाही, म्हणून तेवढे लिहिते.

३०० जीबी सामायिक ठेवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: दोन्ही बाजूंनी खरोखर लिहिल्या जाणाऱ्या फाइली कोणत्या? आपण सांगितले त्यानुसार छायाचित्रे विंडोजमध्ये संपादित होतात, हिशेब विंडोजमध्ये होतो, कोड लिनक्समध्ये लिहिला जातो. म्हणजे ज्याचा त्याचा डेटा ज्याच्या त्याच्या घरात राहू शकतो आणि देवाणघेवाण फारच थोडी आहे. त्यासाठी ५० जीबी पुष्कळ झाले. छायाचित्रे लिनक्समधून कधीमधी पाहायची असतील तर सी ड्राइव्ह केवळ वाचण्यासाठी माउंट करता (जोडून उघडता) येतो आणि तेथे लिनक्सने काहीही न लिहिणे हेच दोघांच्या हिताचे आहे.

कोड सामायिक पार्टिशनवर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. एक्सफॅटमध्ये युनिक्स पद्धतीच्या परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंक यांची सोय नाही. त्यामुळे गिटला (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) फाइलींच्या परवानग्या बदलल्याचा भास होतो, पायथनची आभासी परिसरे आणि नोडची पॅकेजेस लिंक करता न आल्याने अडखळतात, आणि डेटाबेसचा कंटेनर आपल्या फोल्डरची मालकी बदलू पाहतो तेव्हा त्याला नकार मिळतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर यातील काही गोष्टी जमतात, पण लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमवर त्या जशा मुकाट्याने चालतात तशा चालत नाहीत. कोड होममध्येच ठेवा.

देवाणघेवाणीच्या पार्टिशनसाठीसुद्धा मी एक्सफॅटऐवजी एनटीएफएस निवडेन. एक्सफॅट पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी घडवलेले आहे. त्यात जर्नल (होणाऱ्या बदलांची नोंदवही) नाही, त्यामुळे लिहिण्याच्या ऐन क्षणी यंत्र बंद पडले तर सावरण्यासाठी हाताशी फारसे काही राहत नाही. शिवाय ३२ जीबीपेक्षा मोठे एक्सफॅट पार्टिशन विंडोजमध्ये फॉरमॅट केले तर क्लस्टरचा (फाइलीला मिळणाऱ्या जागेच्या लहानात लहान तुकड्याचा) डीफॉल्ट आकार १२८ केबी होतो. फाइल २ केबीची असली तरी ती १२८ केबी अडवते. अशा एक लाख लहान फाइली ठेवल्यास १२ जीबींहून अधिक जागा जाते. एनटीएफएसच्या ४ केबीच्या क्लस्टरमध्ये त्यांना ०.४ जीबीच्या आसपास पुरते. चित्रफिती आणि डिस्क इमेजेस यांसारख्या मोजक्या पण मोठ्या फाइलींसाठी हा तोटा जाणवत नाही, हे मान्य करायला हवे.

एनटीएफएस लिहिण्यासाठी लिनक्सकडे जुने एनटीएफएस-३जी आणि २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये सामावलेले एनटीएफएस३ असे दोन मार्ग आहेत. कोणताही वापरला तरी दोन पथ्ये पाळावीत. पहिले, लिनक्सला फाइलच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजला चालत नाही. ‘विंडोज_नेम्स’ हा माउंटचा पर्याय दिल्यास लिनक्स अशी नावे मुळातच नाकारते. दुसरे, या पार्टिशनची खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी. लिनक्समधील एनटीएफएसफिक्स हे नाव मोठे असले तरी ते मोजक्या विसंगती दूर करून पुढील तपासणीची खूण लावते, त्यापलीकडे फारसे जात नाही.

फास्ट स्टार्टअप बंद करणे तर अपरिहार्यच आहे. ते चालू असताना विंडोज ‘शटडाउन’ केल्यावर पूर्णपणे बंद होत नाही. कर्नलचे सत्र हायबरनेशनच्या फाइलमध्ये साठवून ठेवते आणि एनटीएफएस पार्टिशने अर्धवट वापरातल्या स्थितीत सोडते. मग लिनक्स ते पार्टिशन उघडण्यास नकार देते किंवा फक्त वाचण्यापुरते उघडते, आणि बऱ्याच जणांना वाटते की लिनक्सचेच काही बिघडले. ‘रीस्टार्ट’ केल्यास विंडोज पूर्ण बंद होते, म्हणून ही अडचण कधी येते आणि कधी येत नाही.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार. पार्टिशन स्टाइल जीपीटीच आहे. ३०० जीबींचे सामायिक पार्टिशन रद्द करून ५० जीबींवर आणले आहे आणि बूट, व्हार, टेम्प, स्वॅप ही चारही पार्टिशने आराखड्यातून काढली आहेत.

मात्र दोन गोष्टी समोर आल्या. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक निवडले, तर ७५० जीबी रिकामे असूनही विंडोज केवळ ४४० जीबीच कमी करता येतील असे दाखवते. मला सुमारे ४८० हवे आहेत. शिवाय सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असल्याचे दिसले, जे मी स्वतः कधी सुरू केलेले नाही. ते बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये का? आणि होमच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

कुलूपकिल्ली

डिव्हाइस एन्क्रिप्शनपासून सुरुवात करतो, कारण विभागणी अगदी व्यवस्थित होऊनही स्वतःच्याच फाइलींना मुकण्याची शक्यता याच ठिकाणी आहे. हे मुळात बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोयच आहे, फक्त सोप्या मुखवट्याचे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर अनेक यंत्रांवर ते आपोआप चालू होते आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या आणखी बऱ्याच यंत्रांना ते लागू झाले आहे. म्हणून ‘मी सुरू केले नव्हते’ हे अगदी शक्य आहे.

विभागणीसाठी ते बंद करणे अनिवार्य नाही. विंडोज स्वतःचे कुलूपबंद पार्टिशन स्वतः कमी करू शकते. जीपार्टेडसारख्या बाहेरच्या साधनाला मात्र ते करता येणार नाही, कारण त्याला आतली एनटीएफएस दिसतच नाही. कोणत्याही परिस्थितीत, पहिले काम म्हणून ४८ अंकी रिकव्हरी की खात्यातून काढून कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर उतरवून घ्या. सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचे बूटलोडर सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) स्थिती, फर्मवेअरमधील सेटिंग्ज किंवा बूटचा मार्ग बदलला की टीपीएमला (किल्ली सांभाळणाऱ्या चिपला) यंत्र ओळखीचे वाटत नाही आणि विंडोज ती की मागते. त्यासाठी विभागणी आणि उबुंटूची स्थापना सुरू करण्याआधी बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित करावे आणि सगळे झाल्यावर पुन्हा चालू करावे. याच कारणाने नंतर विंडोज सुरू करताना ग्रबच्या यादीतून न जाता फर्मवेअरच्या बूट मेनूतून थेट विंडोज निवडणे अधिक सुरळीत ठरते. तसेही ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर डीफॉल्टने बंद असतो. वितरणागणिक तो चालू करून दिलेला असेल किंवा नसेल.

मी स्वतः लॅपटॉपवर एन्क्रिप्शन चालूच ठेवण्याच्या बाजूचा आहे. देवाणघेवाणीचे ५० जीबींचे पार्टिशन मात्र कुलूपबंद होऊ देऊ नका. लिनक्समधील क्रिप्टसेटअपला पासवर्ड किंवा की देऊन बिटलॉकरचे पार्टिशन उघडता येते, पण रोजच्या वापरात ती उठाठेव नको वाटते. अर्थात, त्या पार्टिशनवर उघड राहू नये असे काही ठेवू नये हे ओघाने आलेच.

आता ४४० जीबींची मर्यादा. श्रिंक करताना विंडोज पार्टिशनच्या शेवटाकडून जागा सोडवत येते आणि जी फाइल चालू प्रणालीत हलवता येत नाही ती आडवी आली की तेथेच थांबते. अशा फाइली म्हणजे पेजफाइल (विंडोजची स्वॅप फाइल), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएसच्या स्वतःच्या नोंदवह्या. अडवणारी फाइल कोणती हे इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन विभागात २५९ क्रमांकाच्या नोंदीत नावानिशी सापडते. हायबरनेशन बंद करा (फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जाते, म्हणजे ते काम वेगळे करायला नको), सिस्टिम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरते बंद करा, यंत्र रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून पाहा. काम झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करायला विसरू नये. एवढे करूनही तीसचाळीस जीबी कमी मिळाले, तर त्यांच्यासाठी बाहेरच्या साधनांनी झगडत बसण्यापेक्षा आराखड्यातील राखीव जागा तेवढी कमी धरावी. मध्यरेषा यांनी सांगितलेली मोकळी पट्टी अशाच वेळी कामी येते.

रिकव्हरी पार्टिशनकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजच्या पुनर्प्राप्ती परिसराचे एक सुरक्षा अद्यतन आले होते. रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नसलेल्या असंख्य यंत्रांवर ते अयशस्वी होत राहिले आणि मायक्रोसॉफ्टने लोकांना हे पार्टिशन हाताने मोठे करण्याच्या सूचना दिल्या. सध्याची मांडणी सी आणि रिकव्हरी एकमेकांना लागून असल्याचे गृहीत धरते. आपण मध्ये लिनक्स आणल्यावर ती जवळीक संपते. म्हणून लिनक्सचे पार्टिशन रिकव्हरीला अगदी भिडवू नका; दोहोंमध्ये १ जीबी अनअलोकेटेड सोडा. पुढे गरज पडलीच तर रिकव्हरी पार्टिशन काढून, ती मोकळी जागा मिळवून, मोठ्या आकाराचे पुन्हा करता येईल.

तिसरा मजला

होमबद्दल. बीटीआरएफएस घेणार असाल तर वेगळ्या पार्टिशनची गरज उरत नाही. रूट आणि होम ही एकाच पार्टिशनमधील दोन सबव्हॉल्यूम (उपविभाग) म्हणून ठेवता येतात, दोघांची मोकळी जागा एकच असते आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) मात्र वेगवेगळे घेता येतात. फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी हीच रचना डीफॉल्ट केली आहे. उबुंटूचा इंस्टॉलर सबव्हॉल्यूम करून देतो की नाही हे आवृत्तीवर अवलंबून असल्याने स्थापनेनंतर लगेच, डेटा भरण्याआधी, ते पाहून घ्यावे. स्वॅप फाइल स्वतंत्र सबव्हॉल्यूममध्ये, कॉपी-ऑन-राइट (जुन्या डेटावर न लिहिता बदल नव्या जागी लिहिण्याची पद्धत) बंद करून ठेवावी लागते. अन्यथा तिच्यासकट स्नॅपशॉट घेता येत नाही.

एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम घेणार असाल तर होम वेगळे ठेवण्याने पुनर्स्थापना सोपी होते हे अजूनही खरे आहे. तरीही ३०० जीबींच्या जागेत मी भिंत घालणार नाही. पुनर्स्थापना क्वचित होते, रूट भरण्याचा त्रास मात्र वारंवार होतो आणि डॉकर वापरणाऱ्यांना तर हमखास. एक्स्ट४ चालू अवस्थेत वाढवता येते पण लहान करायचे तर अनमाउंट करावे लागते. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम लहान करता येत नाही, म्हणून या मांडणीत ते नकोच.

मध्यरेषा

कुलूपकिल्ली यांचा रिकव्हरी पार्टिशनचा मुद्दा माझ्या क्रमात नव्हता. तो धरून मांडणी अशी होते: ईएफआय १०० एमबी आणि १६ एमबीचे रिझर्व्ह्ड जसेच्या तसे, सी सुमारे ४५० जीबी, मोकळी पट्टी साधारण १३० जीबी, देवाणघेवाणीचे एनटीएफएस ५० जीबी, बीटीआरएफएस स्वरूपातील उबुंटू जवळपास ३०० जीबी, १ जीबी मोकळे आणि शेवटी रिकव्हरी. हे आकडे विंडोज दाखवते त्या मापातले आहेत. लिनक्समधील काही साधने दशमान पद्धतीने मोजतात, त्यामुळे विंडोजला ९३१ जीबी दिसणारी डिस्क तेथे १००० जीबी दिसेल आणि ४५० जीबींचा सी ४८३ जीबींचा वाटेल. काही चुकले नाही, मापे वेगळी आहेत.

‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा आपोआप पर्याय या आराखड्याला उपयोगाचा नाही, कारण पट्टी कोठे सोडायची हे तो आपल्याला विचारत नाही. इंस्टॉलरमध्ये हाताने विभागणी करण्याचा पर्याय घ्या. त्यातही नवे पार्टिशन मोकळ्या जागेच्या सुरुवातीलाच बसण्याची शक्यता असते, म्हणून उबुंटूचे आणि देवाणघेवाणीचे अशी दोन्ही पार्टिशने आधीच लाइव्ह सत्रातून (पेनड्राइव्हवरून चालवलेल्या उबुंटूतून) जीपार्टेडने योग्य जागी करून ठेवा आणि इंस्टॉलरला फक्त तयार पार्टिशन दाखवा. सुरुवातीचे बिंदू १ एमबीच्या पटीत राहू द्या. साधने हे स्वतःहून करतात, तो पर्याय बदलू नये.

या सगळ्याच्या आधी छायाचित्रे, हिशेब आणि विंडोजची इंस्टॉलेशन पेनड्राइव्ह बाहेर तयार असली पाहिजे. पार्टिशनच्या तक्त्याची प्रत एसजीडिस्क या लिनक्समधील साधनाने काढून ठेवता येते आणि ती ठेवावीही, पण ती केवळ हद्दींची नोंद आहे, आतल्या फाइलींची नाही. सी कमी केल्यावर लगेच उबुंटूकडे धावू नका. आधी विंडोज निदान एकदा पूर्ण रीस्टार्ट करून, चेकडिस्क निर्दोष असल्याचे पाहून, बिटलॉकर की मागत नाही याची खात्री करा. तोपर्यंत झालेला कोणताही बिघाड विंडोजच्या आतूनच दुरुस्त होऊ शकतो.

पाटीपेन्सिल

पेजफाइल आणि हायबरनेशन बंद केल्यावर श्रिंकची मर्यादा ५१० जीबींपर्यंत गेली, म्हणजे हवे तेवढे मिळते. २५९ क्रमांकाच्या नोंदीत हायबरनेशनच्याच फाइलचे नाव होते. एक शंका उरली आहे: ती १३० जीबींची पट्टी वर्षानुवर्षे रिकामी ठेवली तर एसएसडीवर जागा वाया जाते असे नाही का?

कुलूपकिल्ली

वाया जात नाही. ज्या ब्लॉकांवर कधी लिहिलेले नाही किंवा जे ट्रिम झालेले (रिकामे असल्याचे एसएसडीला कळवलेले) आहेत, ते एसएसडीचा नियंत्रक अंतर्गत उलाढालीसाठी आणि झीज सर्वत्र सारखी वाटण्यासाठी वापरतो, मग ते ब्लॉक पार्टिशनमध्ये असोत वा नसोत. आपल्या बाबतीत ही पट्टी आधी सीचा भाग होती, म्हणून श्रिंक करण्यापूर्वी ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मधून सी ड्राइव्ह एकदा ऑप्टिमाइझ करून घ्या, म्हणजे रिकाम्या ब्लॉकांची खबर नियंत्रकाला मिळालेली असेल. त्यानंतर पट्टीवर ड्राइव्हचे अक्षर देऊन नवे पार्टिशन करण्याचा प्रस्ताव विंडोजने ठेवला तर तो नाकारा.